पिंपाच्या पोटातला डबा

मी ओक लाकडाचे एक जुने पिंप आहे, मित्रांनो. द्राक्षमळ्यांच्या पार्ल गावी एका तळघरात कारागिराने फळ्या विस्तवावर शेकून वाकवल्या आणि लोखंडी पट्टे ठोकून मला उभे केले. माझ्या अंगात ना खिळा, ना डिंक. आतल्या ओलीने फळ्या फुगतात आणि पट्टे त्यांना आवळून धरतात. आमचा सारा संसार एवढ्यावरच चालतो.

कित्येक हंगाम माझ्या पोटात वाइन मुरली. तळघरातली माणसे मला थोपटून जात. पुढे मी जुने झाले आणि लोटरिंग साहेबांनी मला आपल्या हॉटेलात आणून मांडले. माझे झाकण सुटे करून त्यांनी आत वाइनची पिशवी असलेला पुठ्ठ्याचा डबा ठेवला. कारखान्यात घाऊक भरलेल्या त्या डब्यातल्या वाइनची नळी त्यांनी माझ्या तोटीला जोडली. वाढणाऱ्यांना एकच वाक्य पाठ करायला लावले होते : 'आमच्याच मळ्याची, याच पिंपात मुरलेली.' भाव चौपट.

मी मात्र कोरडे पडत गेले. फळ्या आकसल्या. कमरेखालचा पट्टा केसाकेसाने खाली सरकू लागला. तो सुटला तर सारेच उघडे पडणार, या धास्तीत मी दिवस काढत होते.

एका रणरणत्या दुपारी बसचालक फॉर्टेनकाका पत्नी सनेटबाईंचा वाढदिवस साजरा करायला आले. नवी वाढपी शेनेल त्यांना खिम्याची खरपूस बोबोटी वाढत होती. नोकरी पक्की होण्याआधीचा तिचा तो परीक्षेचा महिना होता. 'वाक्य चुकलीस तर एप्रन काढून ठेव,' असे साहेबांनी सकाळीच बजावले होते.

काकांनी माझ्यावर टिचकी मारली. पट्टा हलला.

"अगं सनेट, हे तर ठणठणतंय!"

"तुमच्या डोक्यासारखंच," बाई म्हणाल्या.

"पोरी, खरं सांग. हिच्यासाठी घ्यायची आहे. यातच मुरलीय ना?"

साहेब गल्ल्यापाशी उभे राहून ऐकत होते. शेनेलने एप्रनची गाठ घट्ट धरली.

"नाही, काका. आत कारखान्याचा डबा आहे. वाइन वाईट नाही, आमच्या घरीही हीच असते. पण मुरलेली नाही."

साहेब हसत पुढे आले. "नवी आहे, मस्करी करते. शेनेल, एप्रन काढ."

ती गाठ सोडू लागली. तेवढ्यात माझा पट्टा सुटून खणखणत फरशीवर पडला. मागोमाग दुसरा. फळ्या फाकल्या आणि डबा सगळ्यांसमोर आला.

सारे हॉटेल माना वळवून पाहू लागले.

"वाढदिवस आहे, डब्यातलीच द्या," सनेटबाई शांतपणे म्हणाल्या. "डब्याच्या भावाने. आणि हिच्याच हातून."

आसपासच्या टेबलांवरूनही तीच मागणी आली. साहेबांनी शेनेलकडे पाहिले आणि खाली मान घालून पट्टा उचलला. शेनेलने एप्रनची गाठ पुन्हा बांधली.

आता तो डबा उघड्यावर, आपल्या खऱ्या नावाने ठेवलेला असतो. कारागिराने मला पुन्हा आवळले. शेनेल माझ्यात पाणी भरते. फळ्या फुगतात, सांधे मिटतात.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. मला भरून ठेवा. ते जमत नसेल तर माझ्यावर फुलदाणी ठेवा, मला टेबल म्हणा. मी आनंदाने टेबल होईन. पण माझ्या नावावर दुसऱ्याची वाइन खपवू नका.