शेठाणीवर उगवलेला सूड

मी एक जुनी पांढरी पेशी आहे आणि मी काहीही विसरत नाही. मित्रांनो, हे आधीच सांगून ठेवते, नंतर तक्रार नको.

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका बाबांच्या थोरल्या मुलीच्या, म्हणजे ताईच्या, उजव्या डोळ्यात माझा मुक्काम आहे, पापणीच्या आतल्या गुलाबी अस्तरात. गंमत अशी की डोळ्यात राहूनही मला दिसत काहीच नाही. अंगाला चिकटेल ते ओळखायचं, बाकीचं कानावर पडतं तेवढंच. शरीराच्या पहारेकऱ्यांमध्ये माझं काम एकच: एका शत्रूची खूण जन्मभर ध्यानात ठेवायची.

माझी शत्रू म्हणजे दुकानातली मांजरी. ती गल्ल्याशेजारी अशा ऐटीत बसायची की गिऱ्हाइकं तिला शेठाणी म्हणायची. एकदा ताई पंख्याखाली भिंगाला डोळा लावून इतकी रमली, की पापणी मिटायचंच विसरली. अश्रूंचा थर सुकला, आमच्या भिंतीला फट पडली आणि नेमका तेव्हाच शेठाणीच्या अंगचा कोंडा आत आला. तो कुणाचं काही बिघडवणारा नव्हता म्हणे. असेना! न विचारता माझ्या घरात? मी दातओठ खाल्ले. दात नाहीत, ओठ नाहीत, तरी खाल्ले.

माझ्या शेजारणी म्हणजे पोटात खाजेच्या पुड्या बाळगणाऱ्या पेशी. त्यांना मी शेठाणीची खूण पटवली. पुढच्या वेळी कोंडा आला मात्र, सगळ्यांनी एकदम पुड्या फोडल्या. डोळा लालभडक, पाण्याची धार! मला कोण आनंद झाला. कौतुक मात्र कोणी केलं नाही. बाबा म्हणाले, सारखा मोबाईल बघते, दुसरं काय.

बाबांचे हात हल्ली थरथरतात, त्यामुळे नाजूक घड्याळं ताईच्याच टेबलावर येतात. तिचा डोळा गेला तर दुकानाला कुलूप. हे सगळ्यांना ठाऊक होतं, मलाही. पण शेठाणी मांडीवर यायची, ताई तिला कुरवाळायची आणि त्याच हातानं डोळा कचाकचा चोळायची. मग मी आणखी चिडायचे.

एके दिवशी काका आले. त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर थेंबांची बाटली उरली होती. "घाल गं, वाया कशाला घालवायचे? मला एकदम थंडगार वाटलं होतं," म्हणाले.

त्या थेंबांनी मी गुंगले. काय अपमान! ताईला वाटलं बरं झालं, म्हणून ती कुणाला न विचारता ते घालतच राहिली. बाटली संपली तशी मी जागी झाले, दुप्पट रागानं. सगळा हिशेब एकदम चुकता केला. भिंगातून बारीक चाक धूसर दिसायला लागलं, तेव्हा ताई घाबरून डॉक्टरांकडे गेली.

"हे थेंब कोणाचे?" डॉक्टरीणबाईंनी रिकामी बाटली बघून विचारलं.

"काकांचे."

"मग डोळाही काकांचाच समजून वापरलास की काय? या स्टेरॉइडच्या थेंबांनी डोळ्याच्या आतला दाब वाढलाय. वेळेत आलीस, उतरेल. पण हे बुबुळावरचे ओरखडे बघ. मांजरीची नखं नाहीत ही, तुझी आहेत."

बुबुळ म्हणजे आमचं काचेसारखं शेजारघर, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याच्याशी माझं वैर नव्हतं. पण वैर थांबवणं मला शिकवलेलंच नाही.

आता शेठाणी समोरच्या दुकानाच्या पायरीवर ऊन खाते. ताई तिला रोज भेटते आणि येऊन साबणानं हात धुते! खाज आली की गार पाण्याची घडी ठेवते, डॉक्टरांनी दिलेलेच थेंब घालते, पण बोट म्हणून लावत नाही. चाक पुन्हा स्वच्छ दिसतं म्हणे. माझा नुसता जळफळाट होतो.

मित्रांनो, माझ्यासारखी एखादी तुमच्याही डोळ्यात दबा धरून बसलेली असेल. तिला माफ करता येत नाही आणि दिसतही नाही. दिसतं ते तुम्हाला. तेव्हा तुमचा हात तुम्हीच आवरा. मी इथेच आहे, शेठाणीच्या एका केसाची वाट बघत.