काचेपलीकडचा दिवा

"लाल उजवीकडे, निळं डावीकडे," असं पुटपुटत त्याने लेकीच्या कानांवर हेडफोन बसवला, मधे आलेली बट बाजूला सारली आणि बटण तिच्या मुठीत दिलं.

"माहीत आहे हो, बाबा," ती म्हणाली. आवाज त्याच्यापर्यंत पोचला नाही, ओठ तेवढे दिसले. पण काचेआडून माणसांचे ओठ बघण्यातच त्याचा उभा जन्म गेला होता.

जाड दार लावून तो अलीकडे यंत्रापाशी येऊन बसला. इस्पितळात त्याला सगळे कानवाले काका म्हणत. खरं नाव विचारलं असतं तर हजेरी घेणाऱ्यानेही डोकं खाजवलं असतं. काम साधं. काचेपलीकडच्या माणसाच्या कानात बारीक आवाज सोडायचा, त्याला ऐकू आला की तो बटण दाबणार आणि अलीकडे दिवा लागणार. दिवा लागला की आवाज दोन पायऱ्या खाली, नाही लागला की एक पायरी वर. असं करत करत माणसाचा कान कुठवर शाबूत आहे, त्याचा आलेख निघतो.

लेक शाळेत असताना इथेच डबा खायची. पेशंट नसले की आत बसून बटणाचा खेळ मागायची. तो आवाज सोडायचा, ती हसत हसत दाबायची. आता ती पाळणाघर चालवत होती. परवापरवापर्यंत पाठमोरी असतानाही रडणारं पोर कोणतं ते नावानिशी सांगायची, आणि आता पोर पायाला येऊन बिलगेपर्यंत तिला पत्ता नसे. आधी डावा कान गेला, मग उजवाही त्याच वाटेला लागला.

"आपल्या घराण्यात नाक नाही, कान वारशाने येतात," ती म्हणाली होती. "तेही रजेवर गेलेले." आणि मग स्वयंपाकघरात जाऊन खूप रडली होती.

त्याच्या आईचं, म्हणजे लेकीच्या आजीचं, असंच झालं होतं, पण तेव्हा कोण बघतंय! म्हातारीला ऐकू येत नाही म्हणायचं आणि मोठ्याने बोलायचं, झालं. आता आधी त्याचे आणि मग लेकीचे कान बिघडले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून सांगितलं, की शरीराचे पहारेकरीच आतल्या कानाला परका समजून त्याच्यावर चालून जातात. बापलेकीची जनुकंही तपासली. ज्यांच्यावर संशय होता ती दोघांत सारखीच निघाली.

"अशा लोकांत काहींना गोळ्या लागू पडतात, काहींना नाही," बाई म्हणाल्या होत्या. "कोणाला पडतील, ते आधी सांगता येत नाही. पण काका, तुम्हाला इतका छान गुण आलाय, तेव्हा हिलाही गोळ्याच देऊन बघू. नाहीच पडल्या तर लगेच इंजेक्शनं. त्यात उशीर नको, एकदा गेलेला कान परत येत नाही."

त्याला गुण आलाच नव्हता.

गोळ्यांचा गुण बघायला त्याची तपासणी त्याच्याच हाताखालच्या मुलीने घेतली होती. तिला हे काम त्यानेच शिकवलेलं, त्यामुळे तिचा हातही त्याच्याच चालीचा. किती थांबायचं, कधी सोडायचं, सगळं तेच. आत बसल्यावर पहिला मोठा आवाज कसाबसा कानावर आला आणि पुढे काहीच नाही. पण अंगठा थांबला नाही. आता आला असेल, दाब. आता अगदी हळू असेल, दाबू नको. ऐकलेले शब्द म्हणून दाखवायची वेळ आली तेव्हाही अडलं नाही, ती यादी त्याला झोपेतसुद्धा पाठ होती. असा सुरेख आलेख आला, की त्या पोरीने टाळी वाजवली. बहिऱ्या माणसाला या खुर्चीत कोण ठेवणार? आठवडाभरात येईल ऐकू, मग कुठे खोटं राहतंय, असं त्याने स्वतःला समजावलं. तेव्हा लेकीचं काही सुरूही झालं नव्हतं हो. नंतर मात्र आज सांगू, उद्या सांगू करत त्याने तोंड उघडलं नाही, आणि त्याचा तो आलेख बघून त्याच्या लेकीला गोळ्या सुरू झाल्या.

आज त्या लागू पडल्या का ते बघायचं होतं. त्याने आवाज सोडला. दिवा लागला.

खाली आणला. दिवा लागला. आणखी खाली, तरी लागला. मग लागला नाही, एक पायरी वर जाताच पुन्हा लागला. लागू पडल्या! पोरीला लागू पडल्या! देवा, माझे दोन्ही घे, पण हिचे राहू देत. डोळे पुसत तो एकेक खूण कागदावर मांडत गेला.

अर्ध्यावर आल्यावर त्याने कागद जरा लांब धरून पाहिला. ही उतरण त्याने पाहिली होती. हा त्याचाच आलेख होता.

मघाशी बाहेरच्या बोळात सफाईवालीच्या हातून बादली निसटली होती. बाकावरचे सगळे दचकले म्हणून त्याला ते कळलं. लेक पुढे चालत होती, तिने वळूनही पाहिलं नव्हतं. बादलीचं काय एवढं, म्हणून त्याने ते मनावर घेतलं नव्हतं.

त्याने आवाजाच्या कळीवरून हात काढून मांडीवर ठेवला. काही सोडलं नाही. नुसता नेहमीइतका थांबला.

दिवा लागला.

तो पुन्हा तेवढाच थांबला. दिवा पुन्हा लागला. आत लेक डोळे मिटून बसली होती, आणि तिची हनुवटी जराशी ताल धरून हलत होती.

तो आत गेला. गुडघ्यावर बसून त्याने तिचा हेडफोन काढला. तिने डोळे उघडले.

"चिऊ, मी आवाज सोडलाच नव्हता."

ती त्याच्या ओठांकडे बघत राहिली. मग तिचा चेहरा पिळवटला.

"तुम्हाला गुण आला आणि मला नाही, हे तुमच्यासमोर कसं दाखवू?" ती म्हणाली. "तुम्ही काचेतून असे बघत होतात... वाटलं, येईल पुढच्या आठवड्यात."

तिच्या डोक्यावर एकदा हात ठेवून तो उठला आणि शेजारच्या खोलीतून डॉक्टरीणबाईंना जवळजवळ ओढतच घेऊन आला.

"हिचा कागद फाडून टाका. आणि माझी तपासणी परत घ्या."

"तुमची कशाला, काका? तुमची तर..."

"तुम्ही स्वतः घ्या. माझ्या चालीने नको. कधी घाईने सोडा, कधी उगाच ताटकळत ठेवा. माझं तोंड भिंतीकडे राहील."

बाईंच्या चेहऱ्याचा रंग उतरला. त्या यंत्रापाशी खुर्चीत बसल्या. लेक त्यांच्यामागे उभी राहिली. त्याने आत जाऊन हेडफोन चढवला, खुर्ची भिंतीकडे फिरवली आणि बटण हातात घेतलं. अंगठा सवयीने उचलला गेला, तेव्हा त्याने तो दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवला.

बाई आवाज वाढवत गेल्या. लेक दिव्यावरची नजर हलवत नव्हती. बाईंनी कळ शेवटपर्यंत नेली, मग दुसऱ्या कानाचीही शेवटपर्यंत नेली. दिवा लागला नाही.

त्यांनी फोन उचलून लेकीसाठी इंजेक्शन आजच्या आज मागवलं. मग माईकवर वाकून त्या म्हणाल्या, "झालं, काका. या बाहेर."

आत तो तसाच पाठमोरा बसून होता, अंगठा मुठीत धरून, वाट बघत.