एवढं खरं म्हण

मित्रांनो, माझ्याकडे पाहून तुम्हाला वाटेल, ही चुलीत घालायची फळी असावी. तसे नाही. मी एक जुनी रेहल आहे. रेहल म्हणजे पोथी उघडी ठेवायची लाकडी, घडीची बैठक. निलंग्याच्या एका सुताराने एकाच सागवानी फळीतून मला कापून काढले. खिळा नाही, जोड नाही, तरी मी कात्रीसारखी उघडायची आणि मिटायची. माझ्याबरोबर घडलेल्या माझ्या बहिणी मशिदीत गेल्या. मला शेषेरावांच्या वडिलांनी बाजारात घासाघीस करून घेतले आणि माझ्यावर लाल फडक्यात बांधलेली पोथी आली. मला वाचता येत नाही. पण इतकी वर्षे ऐकले, की पुढची ओवी कोणती ते पान उलटण्याआधी कळायचे.

वडिलांच्या मागे शेषेराव पोथी वाचू लागले. ते गावातले मोठे शेतकरी. आवाज असा, की शेतातून परतणारी माणसे मारुतीच्या ओट्यापाशी थबकायची. लोक त्यांना मान द्यायचे आणि त्यातला थोडा वाटा मी मनातल्या मनात घ्यायची.

पण हात जोडून ऐकणाऱ्यांत शेषेरावांना गोडी नव्हती. त्यांना गोडी होती नरसिंग मास्तरांत. दोघे लहानपणी एका वर्गात होते. पुढे नरसिंगच्या घराने बौद्ध धम्म घेतला आणि ते शेजारच्या गावी शाळामास्तर झाले, पण घर इथल्याच बौद्धवस्तीत राहिले. सुटीच्या दिवशी ते ओट्यासमोरच्या कडुलिंबाखाली दगडावर येऊन बसत. ओट्यावर त्यांना कोणी बोलावले नाही आणि त्यांनीही कधी पायरीला पाय लावला नाही.

"नरसिंगा, हे बघ. इथं लिहिलंय," शेषेराव माझ्यावरच्या पानावर बोट ठेवून म्हणत.

"लिहिलंय, हाव. पर मी ती पोथीच मानत न्हाई. मग तिच्यातलंच वाचून मला कसं पटवताव?"

"मग दुसरी ओवी ऐक."

मास्तर हसत. दुसरी पटली नाही की तिसरी, तीही नाही पटली की आवाज चढवून पुन्हा पहिलीच! शेषेरावांची बायको कस्तुराबाई म्हणायची, "पालथ्या घड्यावर किती ओतावं माणसानं!" पण मास्तर एखाद्या सुटीला आले नाहीत, तर शेषेरावांचे वाचनात लक्ष लागत नसे. ती मैत्रीच होती, असे मला वाटायचे. शेषेरावांना फक्त एकदा नरसिंगच्या तोंडून ऐकायचे होते, की तुमचं खरं हाय.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. तेरणेचे पात्र उघडे पडले. वस्तीचा आड आटला. नदीत खणलेल्या झिऱ्यात माणसे आणि जनावरे एकाच पाण्याला तोंड लावू लागली. शेषेरावांच्या मळ्यातल्या विहिरीला मात्र पाणी होते. ती विहीर गावातल्या सगळ्यांना मोकळी होती. 'सगळ्यांना' म्हणजे कोणाकोणाला, हे गावात कोणाला सांगावे लागत नसे.

एका दुपारी मास्तर आले, पण दगडावर बसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "शेषेराव, वस्तीत हगवण लागलीय. झिऱ्याचं पाणी बाधायलंय. माझी माय बी आडवी पडलीय. इहीर मोकळी करा."

"इहीर बाटंल," शेषेरावांचा धाकटा भाऊ श्रीमंत ओट्यावरून म्हणाला. बाकीच्यांनी माना हलवल्या.

शेषेरावांचे डोळे चमकले. ती चमक माझ्या ओळखीची होती. हवी ती ओवी सापडली, की ती यायची.

"थांब रे श्रीमंता. नरसिंगा, ह्या समद्यांम्होरं एवढं खरं म्हण. ह्या पोथीत हाय ते खरं हाय, बस्स. मग ह्यांची तोंडं मी बंद करतो. आत्ताच्या आत्ता घागरी घेऊन ये."

आपण फार चांगली तोड काढली, असे त्यांना मनापासून वाटत होते. मला त्यांची कीव आली.

मास्तरांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. त्यांना वाटले असेल, म्हणून टाकावे. कोणाला वाटले नसते?

"मी खोटं बोललो तर पाणी मिळंल," ते शेवटी म्हणाले. "पर माझी माय इचारंल, कसं आणलंस. शेषेराव, पोथी मी मानत न्हाई. तुमी मानताव ना? दारी आलेला तहानलेला तसाच परतला, तर घरधन्याचं समदं पुण्य संगं घेऊन जातो, असं तुमीच वाचताव. ती ओवी मला नका ऐकवू. ती तुमाला सांगितलीय."

शेषेरावांचे बोट पानावर गेले आणि थांबले. श्रीमंत त्यांच्याकडे टक लावून बघत होता. "उद्या बघू," ते पुटपुटले आणि त्यांनी मला मिटले. मास्तर रिकाम्या हाताने परत गेले.

सकाळीच निरोप आला. मास्तरांची आई, नागुबाई, गेली होती.

शेषेराव ताडकन उठले. एका काखेत पोथी, दुसरीत मी. बौद्धवस्तीत ते आयुष्यात पहिल्यांदा गेले. मास्तरांच्या अंगणात त्यांनी मला उघडले, पोथी ठेवली आणि म्हणाले, "नरसिंगा, आत्म्याला मरण न्हाई. ऐक, मनाला उभारी येईल." त्यांनी वाचायला सुरुवात केली. आवाज नेहमीसारखाच गोड होता. अंगणात कोणी हात जोडले नाहीत. मास्तर आईच्या उशाशी बसून होते, त्यांनी मानही वर केली नाही.

मास्तरांची मुलगी पंचशीला दारात आली. "काका, पाणी आणलं का? आजीला आंघोळ घालायचीय."

शेषेराव अर्ध्या ओवीत थांबले. आम्हाला तिथेच टाकून ते मळ्याकडे धावत सुटले. त्या दिवशी त्यांनी भावाशी हातघाईचे भांडण केले आणि विहीर वस्तीला मोकळी केली. तिची पहिली घागर नागुबाईच्या अंगावर ओतली गेली.

पोथी आणि मी दुसऱ्या दिवशी परत आलो. पोथी लाल फडक्यात नीट बांधलेली होती. मास्तर मात्र पुन्हा कधी कडुलिंबाखाली आले नाहीत.

वर्षे गेली. लातूर वेगळा जिल्हा झाला, तेव्हा तिथे एका मंडळाने शेषेरावांचा सत्कार ठेवला. शाल, नारळ, मला झेंडूचा हार! दुष्काळात पोथी स्मरून या थोर माणसाने विहीर मोकळी केली, असे वक्ते सांगत होते. लोकांच्या आग्रहाखातर शेषेरावांनी दारी आलेल्या तहानलेल्याची तीच ओवी म्हटली. टाळ्या पडल्या. खरे काय घडले, ते सांगायला त्यांनी तोंड उघडले होते, हे मी जवळून पाहिले. पण ते तसेच मिटले.

खाली उतरताना त्यांना पंचशीला दिसली. नव्या जिल्ह्याच्या कचेरीत ती नोकरीला लागली होती. मला छातीशी धरून ते घाईने तिच्याकडे गेले.

"पंचशीला, नरसिंगाला म्हणावं, एकदा ये. भांडू पहिल्यासारखं. मी हरतो म्हणावं."

"बाबांनी निरोप देऊन ठेवलाय, काका. तुमी इचारलं तरच सांग म्हणाले."

"काय म्हणाला?"

"पोथीतलं समदं खरं हाय, म्हणाले. तुमी जिंकलाव. आता वाद न्हाई, अन् येणं बी न्हाई."

आयुष्यभर जे ऐकायचे होते, ते शेषेरावांनी ऐकले. मांडववाले सतरंज्या गुंडाळू लागले, तरी ते तिथेच बसून होते. त्यानंतर त्यांनी पोथी सोडली नाही, पण मोठ्याने वाचणे सोडले. ते गेल्यावर मी कोठीत ज्वारीच्या पोत्यांखाली आले. माझा एक पाय तिथेच मोडला.

मित्रांनो, मला बाहेर काढून पुसा, असे मी म्हणणार नाही. माझे दिवस सरले. तुम्ही पोथी जरूर वाचा. न मानणाऱ्याशी वादही घाला, त्यात मजा असते. पण त्याच्यापुढे पान उघडण्याआधी विचारा, बाबा रे, तुला काय हवंय? तो सांगेल. मग ओवी शोधत बसू नका. पोथी मिटा आणि उठा. नागुबाईला उद्यापर्यंत थांबता आले नाही.