माकडताप आणि भागीबाईंचा चहा

मित्रांनो, नाक मुरडू नका. आज माझ्यावर ओले फडके वाळत घालतात म्हणून काय झालं, मी सलाईनची बाटली लटकवायचा जुना लोखंडी स्टँड आहे. सातपूरच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला आणि नाशिकच्या एका दवाखान्यात माझी हयात गेली. माझं एक चाक पहिल्यापासूनच रुसलेलं. मला ढकललं की ते करकरायचं आणि अख्खा वॉर्ड दात-ओठ खायचा.

ऐंशी-ब्याऐंशी साल असेल. लासलगावचा ट्रक ड्रायव्हर गोटीराम माझ्या शेजारच्या खाटेवर आला. कांदा घेऊन कर्नाटकात गेला होता. शिमोग्याकडच्या जंगलात गाडी बंद पडली आणि चुलीसाठी लाकडं गोळा करताना पठ्ठ्याला गोचीड चावली. इथे आला तो तापाने फणफणलेला, हिरड्यांतून रक्त येतंय. डॉ. चंद्रात्र्यांनी तो कुठे कुठे फिरला ते खोदून खोदून विचारलं, रक्त पुण्याला तपासायला पाठवलं आणि सांगितलं, हा माकडताप.

झालं! गोटीरामची आई भागीबाई उसळलीच. माझ्या पोरानं कुठल्या माकडाला हात लावला, असं तिने खाटेखाटेला जाऊन विचारलं. डॉक्टरांनी समजावलं की हा ताप जंगलात माकडांनाही होतो, पण माणसाला गोचिडीमुळे होतो. त्यावर नेमकं औषध नाही. सलाईन, विश्रांती आणि डोळ्यांत तेल घालून लक्ष, एवढाच उपचार. डोकेदुखीची दुकानातली गोळी मात्र अजिबात द्यायची नाही, तिने रक्तस्राव वाढेल आणि माणूस हातचा जाईल.

भागीबाईच्या डोक्यात यातलं एकच शिरलं, औषध नाही! माझ्या बाटलीत मीठपाणी आहे हे कळल्यावर तर तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच तिला फसवलं.

गोटीराम डोकं धरून कण्हत होता. आईला ते बघवेना. त्याची बायको सगुणा तांब्या भरायला गेली, तशी भागीबाईने कनवटीला खोचलेल्या डोकेदुखीच्या गोळ्या काढून कपात चुरल्या, वरून थर्मासमधला चहा ओतला आणि कप लेकाच्या हातात दिला. मी सगळं पाहत होतो, पण लोखंडाला वाचा कुठली? माझा मलाच इतका राग आला की काय सांगू.

सगुणा परतली. चहावर तरंगणारा पांढरा चुरा तिला दिसला आणि डॉक्टरांचं बोलणं आठवलं. सासूपुढे कधी मान वर न केलेली ती बाई. भांडत बसली तर नवरा आईचंच ऐकणार. तिने त्याच्या हातातून कप सरळ काढून घेतला आणि घटाघटा पिऊन टाकला, चुऱ्यासकट!



"आत्याबाई," सगुणा तोंड पुसत म्हणाली, "त्यांना कायबी द्यायचं असंल, तर आधी मला द्या."

ताप उतरला, पुन्हा चढला, अखेर कायमचा गेला. निघताना भागीबाईने दसऱ्याला ट्रकला लावते तसं मला हळदकुंकू लावलं. मी कसला फुगलो म्हणता! मग तिने चहा ओतला, सुनेच्या डोळ्यांदेखत आधी स्वतः घोट घेतला आणि कप तिच्यापुढे धरला.

मित्रांनो, जंगलातून आलात की अंग तपासा. ताप आला तर कुठे गेला होतात ते डॉक्टरांना सांगा. मनाने गोळ्या देऊ नका. आणि आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या बाईलाही कधी चहा विचारा. साधा.