ब्रिटाला काम सांगा

ब्रिटा येणार म्हणून मी दोन दिवस घर घासत होते. गुरुदत्त, म्हणजे माझा नवरा, म्हणाला की ती मदतीला येतेय, आपली परीक्षा घ्यायला नाही. त्याला काय जातंय बोलायला! बाथरूमच्या फरशा काही त्याने घासल्या नव्हत्या.

झालं असं, की सासूबाईंचा व्हिसा संपला आणि त्या नाशिकला परत गेल्या. इकडे मला तीन वर्षांनी पुन्हा नोकरी लागली, पाण्याच्या पाइपलाइनी आखायची. सोमवारी रुजू व्हायचं. आमची लेक नुपूर अडीच वर्षांची, आणि इथल्या ट्रुगानिना उपनगरातल्या चाइल्डकेअरला भलीमोठी वेटिंग लिस्ट. तेव्हा शेजारच्या तनयाने ऑ पेअरचं सुचवलं. परदेशातून आलेली मुलगी आपल्याच घरात राहते, मूल सांभाळते, आपण तिला खोली, जेवण आणि हातखर्च देतो. सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर एवढंच बजावलं की परक्याची पोर आहे, उपाशी ठेवू नकोस. सोमवारी ती घरात नसेल, तर माझी नोकरी गेलीच म्हणून समजा.

ब्रिटाला पाठवणाऱ्या एजन्सीच्या बाई म्हणाल्या होत्या, पहिल्या दिवसापासून कामं सांगा. आता जर्मनीहून आलेली वीस वर्षांची पोरगी दारात उभी, पाठीवर तिच्याएवढी सॅक, आणि मी तिला काय म्हणू? भांडी घास? आमच्याकडे आल्यागेल्याला आधी पाणी विचारतात. मी पाणी दिलं, चहा दिला, पुरणपोळी केली. ती पुरे पुरे म्हणाली, तर मी वरून आणखी तूप वाढलं.

दुसऱ्या दिवशी ती ताट उचलून सिंककडे निघाली. मी ते तिच्या हातातून काढून घेतलं. तिने व्हॅक्युम सुरू केला, तर तो घरात कुठे असतो हेही ज्याला ठाऊक नाही त्या गुरुदत्तने धावत येऊन सगळ्या हॉलचा केर काढला. सकाळचा तिचा चहासुद्धा तोच करायला लागला. लग्नाला सहा वर्षं झाली, मला कधी मिळाला नव्हता.

नुपूर उठल्याचा आवाज आला की ब्रिटा जिन्याकडे वळायची. पण तिच्याआधी मी वर पोचलेली असायचे आणि तिथूनच तिला आराम कर म्हणून सांगायचे. ती अधिक महिन्यातल्या जावयासारखी सोफ्यावर, आणि मी घाण्याला जुंपलेली. तरी तनयाला मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं की आमचं अगदी झकास चाललंय.

शुक्रवारी जेवताना ब्रिटाने चमचा खाली ठेवला आणि शब्द जुळवत इंग्रजीत सांगितलं की ती रविवारी जाणार. तासाभरावरच्या जिलाँगला दुसरं कुटुंब मिळालंय. गुरुदत्तने तिला आमची रीत समजावली, पाहुणा म्हणजे देव वगैरे. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

“पाहुणे आपल्या घरी जातात,” ती म्हणाली. “मी इथे राहायला आले होते. तुम्ही नुपूरला एकदाही माझ्याकडे दिलं नाहीत.”

ती खोलीत गेल्यावर मी गुरुदत्तवरच घसरले. एवढं करून पोरीला किंमत नाही, भलाईचे दिवसच राहिले नाहीत, वगैरे वगैरे. तो भांडी लावत होता.

“अस्मिता, तुला ती खरंच हवीय का?”

“हवीय म्हणजे? माझी नोकरी आहे.”

“मग दे ना तिला नुपूर.”

चोराच्या मनात चांदणं. तूप, पुरणपोळी, आराम कर, सगळा पाहुणचार खरा होता, पण त्याच्या आड मी लेकीला घट्ट धरून बसले होते. मला भीती वाटत होती. नुपूर रडेल याची नव्हे, रडणार नाही याची.

शनिवारी सकाळी मी ब्रिटाच्या दारावर टकटक केली आणि जन्मात पहिल्यांदा पाहुणीला काम सांगितलं. नुपूरला अंघोळ घाल, केससुद्धा धू. केस धुताना आमची लेक आख्खी गल्ली डोक्यावर घेते. मी बाहेर जिन्यावर बसले, हाक आली की धावायच्या तयारीत.

हाक आली नाही. आतून पाण्याचा आवाज, मग एक जर्मन गाणं, मग नुपूरचं खिदळणं. मी तिथे बसून रडले, आणि खोटं कशाला बोलू, थोडा रागही आला.

दार उघडलं. टॉवेलात गुंडाळलेली नुपूर ब्रिटाच्या कडेवर होती, केसांतून पाणी गळत होतं. सोमवारी हिला किती वाजता जेवायला देऊ, असं ब्रिटाने विचारलं. मी सवयीने दोन्ही हात पुढे केले. नुपूरने माझ्याकडे नीट पाहिलं आणि ब्रिटाच्या मानेला आणखी घट्ट मिठी मारली.

“मम्मा, यू गो टू वर्क.”

ऑफिस सोमवारी होतं. तरी मी खाली गेले आणि बूट घातले.