गुळगुळीत काचेची शेगडी

हे दुसऱ्या कुणाला तरी वाचायला सांगा आणि तुम्ही डोळे मिटून बसा. अगदी घट्ट. आता मनात आणा, की तुम्ही स्वयंपाकघरात उभे आहात आणि तुम्हाला चहा करायचा आहे. ओटा हाताला लागेल. गॅसची शेगडी लागेल. चाचपडत बटण सापडेल, लायटरही सापडेल. लायटर खटखट केलं की भप्प असा आवाज होईल आणि बोटांना ऊब लागेल. म्हणजे पेटलं. बटण अजून थोडं फिरवलं की आवाज बारीक होईल. म्हणजे आच कमी झाली. पहिल्या दिवशी भीती वाटेल. रोज केलंत तर भीती जाईल आणि चहाही बरा होईल.

आता डोळे उघडले तरी चालतील. पण ज्या बाईची ही गोष्ट आहे, तिला ते चालत नव्हतं. उघडले तरी तिला दिसत नव्हतं.

तिचं नाव इंद्रायणी. जुन्नर तालुक्यातल्या निमगाव सावा गावात तिचं सासर. मुलगी सोनल रांगत होती तेव्हा काचबिंदूने तिची नजर हळूहळू नेली. आधी कडेचं दिसेना, मग समोरचं. पुढे पुढे तर खिडकी कुठे आहे तेही उन्हाच्या उबेवरून ओळखावं लागे.

पण तिने स्वयंपाकघर सोडलं नाही. नव्याने शिकली. डाव्या बटणाला तिने जुन्या साडीचा दोरा गुंडाळला, म्हणजे डावं-उजवं चुकायला नको. उलथन्याने भाकरी विस्तवावर टाकली की ती फुगताना फुस्स करते, ते तिला ऐकू यायचं. दूध वर येण्याआधी त्याचा आवाज जाड होतो, हे तुमच्या आईलाही कदाचित माहीत नसेल. तिला माहीत होतं. तवा किती तापला हे बघायला ती तळहात वर धरायची, वीतभर अंतरावर, आणि मान हलवायची. इतक्या वर्षांत तिला एकदाही भाजलं नव्हतं.

तिची जाऊ वैजयंती शेतातून कांदे काढून यायची, हातपाय धुऊन ताटावर बसायची आणि म्हणायची, "इंद्रा, तुझ्या भाकरीला डोळं हायेत गं. आमच्या डोळसांची भाकर अशी न्हाई व्हत."

हे कौतुक होतं. इंद्रायणी हसायची आणि अजून एक भाकरी वाढायची. घरात प्रत्येकाचं एक काम होतं. वैजयंती शेत बघायची. तिचे यजमान, म्हणजे थोरले दीर बाळासाहेब, ज्यांना सगळं घर आप्पा म्हणायचं, ते आळेफाट्याला वडापावची गाडी लावायचे. इंद्रायणीचा नवरा गोकुळ आप्पांचीच पिकअप चालवायचा, टोमॅटो मार्केटला न्यायचा. आणि स्वयंपाक इंद्रायणीचा. त्या कामामुळे ती घरात कुणाच्या उपकाराखाली नव्हती. एवढं लक्षात ठेवा, कारण पुढे जे गेलं ते हेच.

एके दिवशी आप्पांनी जेवताना मोबाईल पुढे केला. कुठल्याशा गावी गॅसची टाकी पेटली होती, त्याचा व्हिडिओ होता.

"हे बघ गोकुळ," आप्पा म्हणाले. "डोळ्याची माणसं जळाली. आपल्या घरात तर..."

पुढचं बोलले नाहीत. बोलायची गरज नव्हती. इंद्रायणी समोरच बसली होती.

दोन दिवसांनी ते खोकं घेऊन आले. आत लाईटवर चालणारी शेगडी होती, इंडक्शन. चपटी, काळी, वरून काच. सोनलने त्यात तोंड बघून घेतलं.

"जाळ न्हाई, गॅस न्हाई, भीती न्हाई," आप्पा म्हणाले. "तुझ्यासाठी आणली, इंद्रायणी. लई भारीतली हाय. जुनी शेगडी आन् टाकी मी एजन्सीत परत करतो."

"पण आप्पा, गॅस माझ्या नावावर आलेला," इंद्रायणी हळू म्हणाली.

"नाव ऱ्हातंय की तुझंच. नावाला काय आग लागती का?"

गोकुळ हसला. आप्पांनी शेगडी आणि टाकी पिकअपमध्ये टाकली आणि नेली.

आता पुन्हा थोडा वेळ डोळे मिटा. समोर गुळगुळीत काच आहे. बटणं त्या काचेच्या आत आहेत, वर काहीच उंचवटा नाही. बोटाने शोधायला जावं, तर शोधता शोधताच बोट लागतं आणि बटण दाबलं जातं. पीं असा आवाज येतो. चालू झाली तरी पीं, वाढली तरी पीं, कमी झाली तरी पीं. जाळ नाही, म्हणून आवाज नाही. तिचा जुना तवा खोलगट, तो काचेवर डुगडुगतो. ॲल्युमिनियमचं पातेलं ठेवलं तर शेगडी नुसती ओरडते, तापतच नाही.

यंत्र वाईट नव्हतं. तुमच्या घरी असेल तर त्याला नावं ठेवू नका, धूर नाही की काजळी नाही. पण ते ज्याने बनवलं त्याने डोळे उघडे ठेवून बनवलं होतं, आणि ज्याने आणलं त्याने इंद्रायणीला एकदाही विचारलं नव्हतं.

सपाट तवा आणला, तरी भाकरी फुगेनात. आप्पा म्हणाले, "चामडं झालंय." वैजयंतीने अर्धी भाकरी ताटात तशीच ठेवली.

मग एका सकाळी इंद्रायणीने नवा सपाट तवा उतरवला. शेगडी तापलेली आहे का, म्हणून सवयीने तळहात वर धरला, वीतभर अंतरावर. गॅसची आच कशी वर चढते आणि हाताला सांगते. काचेने काही सांगितलं नाही. काच निवली असेल असं समजून, पुसायला म्हणून तिने हात खाली टेकवला.

सोनल दप्तर भरत होती. आईची किंकाळी तिने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.

उजव्या तळहाताची कातडी सोलली गेली. डॉक्टरांनी पट्टी बांधली. संध्याकाळी आप्पा पट्टीकडे बघून म्हणाले, "बघा. मी म्हणत व्हतो ना? बिनजाळाच्या शेगडीवर ही गत, तर गॅसवर काय झालं असतं?"

जिच्या हाताला गॅसवर कधी काही झालं नव्हतं, तिच्याबद्दल ते बोलत होते. गोकुळने मान खाली घातली. इंद्रायणीने पट्टीचा हात पदराखाली घेतला.

"आता तू बस," आप्पा म्हणाले. "वैजू करील."

वैजूला कुणी विचारलं होतं? ती उन्हातून यायची आणि तशीच ओट्याशी उभी राहायची. पहिले काही दिवस तसेच गेले. मग तिचे शब्द ताटात पडायला लागले.

"बसा राणीसाहेब. आयतं येतंय."

"आक्का, मी कांदा तरी चिरते. डावा हात चांगला हाय."

"नको बाई. उद्या बोट कापलं तर परत माझ्याच नावानं शिमगा."

तीच वैजयंती. तीच ताटं. फक्त वाढणारा हात बदलला होता. इंद्रायणी भिंतीला टेकून बसायची आणि एकच भाकरी खायची. दुसरी मागत नव्हती.

सोनलच्या पायातल्या चपलेचा पट्टा तुटला होता, म्हणून एका रविवारी गोकुळ तिला आळेफाट्याला घेऊन गेला. चप्पल घेतली. येताना आप्पांच्या गाडीपाशी पिकअप थांबली. नाशिकची एसटी नुकतीच उभी राहिली होती आणि गाडीभोवती गर्दी होती. आप्पांनी आता भजीही सुरू केली होती. वड्यांची कढई मोठ्या शेगडीवर होती, आणि भज्यांची दुसऱ्या, घरगुती, दोन बर्नरच्या शेगडीवर. तिच्या डाव्या बटणाला दोरा गुंडाळलेला होता. तेलाने काळा झालेला.

सोनल बघतच राहिली.

"काय बघतीस?" आप्पा म्हणाले. "घे, गरम हाय." त्यांनी कागदात वडा बांधून तिच्या हातात दिला.

सोनलने बापाकडे पाहिलं. बाप रस्त्यावरून जाणारे ट्रक बघत होता. तेव्हा तिला कळलं, की हे त्याला आधीपासून माहीत होतं. सोनलने तो वडा खाल्ला. ती नऊ वर्षांची होती आणि तिला भूक लागली होती. ह्यावरून तिला कुणी वाईट म्हणू नये.

पिकअपमध्ये गोकुळ म्हणाला, "आईला बोलू नको. उगी जीवाला लावून घेईल."

घरी आल्यावर ती आईजवळ जाऊन बसली. नव्या चपलेचा पट्टा काढत-घालत राहिली. शेवटी बोललीच.

"आई, आपली शेगडी एजन्सीत न्हाई गेली."

"मला ठाऊक हाय."

"कसं?"

"तुझ्या पप्पांचा आप्पांच्या वडापावच्या गाडीवरनं फोन आला व्हता. मागं आवाज येत व्हता. डावा बर्नर फुर्र करून अडकतो, परत फुर्र करतो. इतकी वर्षं ऐकला, वळखायची न्हाई व्हय?"

"मग बोलली का न्हाईस?"

इंद्रायणीने डाव्या हाताने तिच्या वेणीची गाठ चाचपली आणि नीट बसवली. "कुणाला बोलू? पिकअप आप्पांची. घर आप्पांचं. तुझे पप्पा त्यांच्यापुढं तोंड उघडत न्हाईत. मी उघडलं तर आपण तिघं कुठं जायचं?"

 सोनलला एक वाट दिसत होती. आईचे मामा, गेणभाऊ, तिचा भाजलेला हात बघायला लोणीहून येणार होते. माहेरचं वडील माणूस. त्यांच्यापुढे आप्पाही नीट बोलत. गेणभाऊ विचारतील. त्यांना फक्त कळायला हवं.

ते आले. धोतर सावरून खाटेवर बसले. वैजयंतीने चहा ठेवला. आप्पा त्या दिवशी मुद्दाम घरी थांबले होते.

"काय सांगू पावणं," आप्पा म्हणाले. "हिच्यापायी जिवाला घोर. म्हणून गॅस बंद केला, भारीतली शेगडी आणली. तरी भाजून घेतलंच. आता म्हणलं, बाई, तू कशालाच हात लावू नको. बसून खा."

"असा दीर मिळायला नशीब लागतं," गेणभाऊ म्हणाले. "पोरी, देवमाणूस हाय बघ."

इंद्रायणी दाराआड उभी होती. तिने पदर पुढे ओढला.

सोनल पुढे आली. 

"आजोबा, आईची शेगडी आप्पांच्या गाडीवर हाय. टाकी पण. आप्पा त्यावर भजी तळत्यात. मी बघितलं."

 वैजयंतीच्या हातातली गाळणी थांबली. तिलाही हे माहीत नव्हतं, असं तिच्या चेहऱ्यावरून वाटलं. तिने नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि परत चहा गाळायला लागली. गोकुळ अंगठ्याने जमीन उकरत होता.

गेणभाऊंनी पुढे आलेला चहा बशीत ओतला. फुंकर घातली. एक घोट घेतला. त्यांना कळलं होतं. सगळ्यांनाच कळलं होतं.

"मोठ्या माणसांत बोलू नये, बाळ," ते म्हणाले.

आप्पा हसले. "टीव्हीचा गुण, पावणं. आजकालची पोरं ना राव, लई पुढं गेली."

"न्हाई तर काय," गेणभाऊ म्हणाले. आणि मग त्यांनी विचारलं, "कांद्याला काय भाव चाललाय?"

बोलणं कांद्यावर गेलं आणि तिथेच रमलं.

मुलांनो, खरं बोललं की जग सुधारतं, असं मी तुम्हाला सांगू शकलो असतो. पण तुम्ही मोठे झालात की मला खोटारडा म्हणाल. सोनल खरं बोलली, आणि पाहुण्याने चहा संपवला. एवढंच झालं.

ती तिथे रडली नाही. दाराआड गेली, आईचा डावा हात धरला आणि तिला ओट्याशी नेलं. वैजयंती तिथेच कप विसळत होती. ती बाजूला सरकली.

सोनलने आधी भिंतीवरचं शेगडीच्या लाईटचं बटण बंद केलं. मग काचेवर स्वतःचं बोट ठेवून पाहिलं. काच निवली होती, आणि पीं वाजलं नाही. वीजच नव्हती, तर वाजणार कुठून? आता कितीही चाचपडलं तरी चालणार होतं. तिने आईचा हात शेगडीच्या डाव्या कडेवर ठेवला आणि तिची बोटं एकेक करून काचेवर टेकवली.

"कडेपासनं तीन बोटं मोज," ती म्हणाली. "इथं चालू व्हते. आता तू एकटीनं शोध."