काळ्या तेलावर पळवलेला ट्रक

मी ट्रक बोलतोय. दहा चाकांचा, चाकणचा, आणि सध्या डोकं फिरलेला. रोज हॉर्न वाजवून माझ्याकडे रस्ता मागता ना? आज गप्प बसून ऐका.

भिवानं मला नवाकोरा घेतला. कारखान्यांचे सुटे भाग पोचवायचे, हे आमचं काम. माझं ऑइल तो स्वतः बदलायचा. इंजिन कोमट असताना पोतं अंथरून खाली शिरायचा, चेंबरचा बोल्ट सोडायचा, काळं तेल शेवटच्या थेंबापर्यंत निथळू द्यायचा. मग नवा फिल्टर, बोल्टला नवा वायसर आणि वरून नवं तेल. "पोटात घाण घेऊन कोन पळंल?" असं म्हणायचा.

पुढे त्याच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आणि स्टेअरिंग त्याच्या मुलाकडे, विक्कीकडे आलं. विक्कीनं मला एलईडीच्या माळा लावल्या, केबिनमध्ये हा मोठा स्पीकर बसवला. खाली मात्र एकदाही वाकला नाही. वरून थोडं तेल ओतायचा, बस्स. भिवानं, म्हणजे त्याच्या आबांनी, फोनवर विचारलं, की "हो, बदललं" म्हणायचा. खोटारडा!

एका दुपारी ऑइलचा लाल दिवा लागला. यानं काय करावं? दिव्यावर चिकटपट्टी लावली! "ट्रिप झाल्यावर बघू राव." मोशीच्या अलीकडे माझं इंजिन जाम झालं. मागे रांग लागली. शिव्या मात्र मला.

भिवा कमरेला पट्टा बांधून रिक्षानं आला आणि तसाच खाली वाकायला लागला. त्याच्या बायकोनं, सरूबाईनं, त्याचा दंड धरला.

"तुमी न्हाई. ए विक्की, तू शिर."

"आई, कपडे खराब..."

"शिर म्हन्ते ना!"

तोवर मी गार झालो होतो. बोल्ट सुटला आणि डांबरासारखं तेल ओघळलं. विक्कीच्या तळव्यावर बारीक चुरा राहिला.

"आबा, हे काय चमकतंय?"

"बेरिंगचा चुरा. हाडं हायेत त्याची," भिवा म्हणाला आणि रस्त्याकडेच्या दगडावर मटकन बसला.

आता मी भोसरीतल्या एका शेडमध्ये उभा आहे. इंजिन उतरवलंय. विक्की रोज येतो, मिस्त्रीजवळ बसून पार्ट धुतो. जाताना बंपरवर हात ठेवतो. "चुकलं भावा."

चुकलं? बापाशी खोटं बोलताना जीभ अडखळली नाही ती! मला तुझी माफी नको. इंजिन बसेल त्या दिवशी पहिलं तेल तू ओत, आणि आबांना खुर्ची टाकून माझ्याजवळ बसव. मी सुरू झालो, की नीट चाललोय का ते मला विचारू नकोस. त्यांच्या तोंडाकडे बघ.